झाकणाला चिकटलेलं माप

सांगलीच्या त्या प्रयोगशाळेत अपूर्वाच्या शिस्तीला सगळे टरकून असत. आणि चूक झाली ती नेमकी तिच्याच हातून. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

आजारपणात शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, ती सायटोकाइनं. रक्तात ती किती आहेत हे अपूर्वा मोजायची. त्यासाठी कुपीतून ठरल्या मापाची पूड येते, तिला स्टँडर्ड म्हणतात. ती विरघळवून तिच्या रंगाशी रुग्णाच्या नमुन्याचा रंग ताडून पाहायचा. पूड झाकणाला चिकटते, म्हणून कुपी आधी यंत्रात फिरवायची, मगच उघडायची, हे ती नव्या पोरींना दहादा बजावायची. सोमवारी मात्र साताऱ्याच्या दवाखान्यातून घाईचे तीन फोन आले आणि बाईसाहेबांनी कुपी तशीच उघडून झाकण फेकून दिलं. स्टँडर्डचा पिवळा रंग फिका आला. तिला तो दिसला, तरी तिनं रिपोर्ट पाठवला.

वजनच हलकं असलं तर तराजूत माल भारी ठरणारच. त्या दवाखान्यात असलेल्या रहिमतपूरच्या सयाजी फौजींचा आकडा चौपट भारी ठरला.

दोन दिवस तिचं मन तिला खात राहिलं. बुधवारी तिनं नवी कुपी घेऊन नमुना पुन्हा लावला, तेव्हा आकडा चौथाईवर आला. तिनं साताऱ्याच्या डॉक्टरांना फोन लावला.

"इंजेक्शन सोमवारीच दिलंय," ते म्हणाले. आकडा भारी आला की देतात ते, प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन होतं. "आज छातीतला संसर्ग वाढलाय. घरच्यांशी मी बोलतो, तुम्ही नवा रिपोर्ट पाठवा."

बैल गेला अन् झोपा केला.

दुपारी रिपोर्टवरचा नंबर बघून एका बाईंचा फोन आला.

"म्याडम, मी अंजना, सयाजी फौजींची मंडळी. तुमच्या रिपोर्टमुळं येळंवर इंजेक्शन देता आलं. लय उपकार झालं बगा. आता श्वासाला नळी घातलीया, पन हुतील बरं."

म्हणजे डॉक्टर अजून बोललेच नव्हते. अपूर्वाला गप्प बसता आलं असतं. नोकरी वाचली असती.

"ताई, तो रिपोर्ट चुकला होता. चूक माझी. त्यांना त्या इंजेक्शनची गरज नव्हती."



"व्हय?" अंजना हळूच म्हणाली. "मग ते परत काडून घ्यायचं इंजेक्शन कंचं, तेवडं सांगा की. आत्ता आनाया लावते."

तसलं इंजेक्शन नसतं. आणि तेही आता अपूर्वालाच सांगायचं होतं.