डाव्या पायाची खूण

मला टीममधून काढल्याचं लिफ्टपाशी कळलं. कोच सरांच्या हातात कॉफीचा कागदी कप होता आणि ते लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होते. "या सिरीजला कीपिंग छोटी करेल," ते म्हणाले. "तिन्ही मॅच. वर्ल्डकपची टीम त्यानंतर निवडायची आहे, तिला एकदा बघून घेऊ. तू सीनियर आहेस, तिला जरा सांभाळून घे." बारा वर्षं देशासाठी स्टंपमागे उकिडवं बसलेल्या बाईला त्यांनी लिफ्ट यायच्या आत उठवलं. मी "हो सर" म्हणाले. ज्या तोंडापायी अख्खी टीम मला रेडिओ म्हणते, ते नेमकं तेव्हाच बंद पडलं.

छोटी म्हणजे माझी रूममेट. वीस वर्षांची. माझे गुडघे सकाळी जुन्या दारासारखे करकरतात, तिचे ऐकूसुद्धा येत नाहीत. त्यात स्वभावाने गरीब. बाथरूममधून येताना माझाही टॉवेल वाळत घालणारी. तिच्यावर चिडायला धड कारण सापडेना, म्हणून मी जास्तच चिडले.

आता गोगलबद्दल सांगायला हवं. ती आमची लेगस्पिनर आणि माझी मैत्रीण. चालणं हळू, जेवणं हळू, बोलणं तर त्याहून हळू, म्हणून पहिल्याच कॅम्पात तिचं नाव गोगलगाय पडलं. पुढे तिचा गुगली पाहिला तेव्हा 'पोटात पाय' म्हणजे काय तेही सगळ्यांना कळलं. तिचा नेहमीचा बॉल टप्पा पडून बाहेर वळतो. गुगली त्याच हातातून, तसाच भोळा चेहरा करून येतो आणि आत घुसतो. बॅटर फसली तर उत्तमच. पण स्टंपला चिकटून बसलेली कीपरही फसली, तर ती ऑफला हात पसरून बसते आणि बॉल लेगला तिच्या पाठीमागून बाउंडरी गाठतो.

रेडिओला गोगलचा गुगली हातातून सुटतानाच कळतो, असं पेपरात छापून आलंय. साफ खोटं. मला तो हातावरून एकदाही ओळखता आला नाही. आमची खूण होती. आधी ती कानाची पाळी ओढायची. ते समोरच्या टीममधल्या एकीच्या लक्षात आलं, मग आम्ही खूण बदलली आणि नियम केला: तिसऱ्या माणसाला कळली की ती खूण मेली. तेव्हापासून गुगली टाकायच्या आधी, रन-अपच्या खुणेपाशी, ती डाव्या पायाचा अंगठा जमिनीवर एकदा घासते. बुटाच्या आतला अंगठा, तो कोण बघतंय? लॅपटॉप घेऊन बसणाऱ्या आमच्या अॅनालिस्टलाही कधी दिसला नाही.

पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी छोटीने मला विचारलंच. "ताई, गोगलताईंचा गुगली कसा ओळखायचा?"

"हात बघ," मी म्हणाले. "सरावाने येतं."

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला गोगल माझ्यासमोर बसली. "माझा पाय तिच्यासाठी हलणार नाही," ती म्हणाली. तिच्या मानाने हे लांबलचक भाषण होतं. मी तिला गप्प करायला हवं होतं. मी अंडं सोलत राहिले, आणि ते त्या दिवशी फार चविष्ट लागलं.

पहिल्या मॅचला मी राखीव खेळाडूचं बिब घालून बेंचवर. गोगलने बॉल हातात घेतला आणि माझी नजर सवयीने तिच्या बुटावर गेली. अंगठा घासला. मी लेग साइडला झुकले, बेंचवरच. बॉल आत आला, छोटी ऑफला गेली, चार बाय. पुढच्या ओव्हरला पुन्हा अंगठा, पुन्हा गुगली, बॅटर पार क्रीझबाहेर, आणि छोटीचे ग्लव्ह्ज भलतीकडे. स्टंपिंग गेलं. गोगलला वाटत होतं की तिने खूण बंद केलीय. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जाते होय? तिचा पाय तिला न विचारता वर्षानुवर्षांचं काम करत होता, आणि ते मैदानाबाहेरच्या माझ्याशिवाय कुणाला दिसत नव्हतं. मला आनंद झाला. छोटीचा चेहरा उतरला तेव्हा तर जास्तच झाला. घरून आईचा फोन आला, "ती पोर काही तुझ्यासारखी नाही गं," आणि मी ते आईच्या तोंडून दोनदा वदवून घेतलं.

दुसऱ्या मॅचला मात्र गोगलने गुगली टाकलाच नाही. मागे पकडणारं कुणी नसेल तर टाकून काय करणार? नुसता बाहेर वळणारा बॉल, तोही तिच्या चालीसारखा हळू येणारा. दोन ओव्हरमध्ये बॅटरना ते समजलं आणि त्यांनी तिला धुतलं. कॅप्टनने तिला लाँग ऑनला पाठवलं, ती उरलेला डावभर तिथेच उभी होती.

मॅचनंतर मी फिजिओच्या खोलीत पडद्याआड गुडघ्यावर बर्फ धरून पडले होते. पलीकडे कोच सर आणि सिलेक्टर बाई बोलत होते.

"स्पिनरचं काय करायचं?" बाई म्हणाल्या.

"तिचा गुगली गेला. वय झालं. उद्याची मॅच बघू आणि दोघींनाही मोकळं करू."

दोघींना. म्हणजे मला आणि गोगलला. बर्फाचं पाणी झालं तरी मी उठले नाही. छोटीच्या प्रत्येक चुकीवर मी मनात टाळ्या वाजवत होते, आणि फांदी तुटत होती गोगलच्या पायाखालची.

मी सरळ तिच्या खोलीत गेले. ती पलंगावर बसून मोज्यांच्या घड्या घालत होती. मी ऐकलेलं सगळं सांगितलं. "छोटीला खूण सांग," मी म्हणाले.

"नाही."

"तुला काढतील गं."

"काढू देत. दोघी आलो, दोघी जाऊ."

"हे काय लग्नाचं वऱ्हाड आहे, सोबत आलो, सोबत जायला?"

ती हसली नाही. "तिला ती खूण दिली की तुझ्याकडे काय राहिलं, रेडिओ?" ती म्हणाली. "हे तुलाही माहितेय."

माहीत होतंच. वीस वर्षांचे गुडघे आणि वर ती खूण, मग माझी गरज कुणाला? मला तिला सांगता आलं असतं की तुझा पाय अजून हलतोय. पण सांगितलं असतं तर तिने तो आवळून धरला असता, गोगलचा हट्ट मला ठाऊक आहे. मी तिच्या मोज्यांची एक जोडी घडी करून दिली आणि बाहेर पडले. रूमवर छोटी भिंतीवर बॉल मारून झेलत होती. मला बघून थांबली. मी आजारी आहे म्हणून दिवा मालवायला लावला आणि भिंतीकडे तोंड करून जागी राहिले.

तिसऱ्या मॅचला समोरच्यांची सगळ्यात मोठी बॅटर टिकून बसली. आमच्या सगळ्या बॉलर थकल्या. ड्रिंक्सला मी बाटल्यांचा ट्रे घेऊन आत गेले. आधी गोगलकडे. "आता तुला देतील बॉल," मी म्हणाले. "एक गुगली टाक. माझ्यासाठी."

"पकडणार कोण?"

"टाक म्हणते ना."

मग मी छोटीकडे गेले. ती हेल्मेट काढून घाम पुसत होती. तिच्या हातात बाटली दिली आणि दुसऱ्या बाटलीचं झाकण उगाच उघडत बसले. तेवढा वेळ मला लागला. "गोगलचा डावा बूट बघ," मी म्हणाले. "रन-अपच्या आधी अंगठा घासला, की लेगला."

छोटीने बाटली तोंडापासून खाली घेतली. "ताई, तुम्ही तर हात बघ म्हणाला होतात."

"म्हणाले होते. आता पाय बघ."

तिने मान डोलावून हेल्मेट चढवलं. ती वाईट असती तर मला किती सोपं गेलं असतं.

गोगलच्या दुसऱ्या ओव्हरला अंगठा घासला. बॅटर पुढे धावली, बॉल बॅट आणि पॅडच्या मधून आत शिरला, आणि छोटी आधीच तिथे होती. बेल्स उडाल्या. सगळ्या मुली तिच्या अंगावर पडल्या. गोगल मात्र खेळपट्टीच्या मध्यावर उभी राहून स्वतःच्या डाव्या बुटाकडे बघत होती. मग तिने मान वर करून बाउंडरीकडे पाहिलं, जिथे मी रिकामा ट्रे घेऊन उभी होते. त्या दिवशी तिने आणखी तीन विकेट घेतल्या. त्यात एक स्टंपिंग.

बसमध्ये ती माझ्या शेजारी येऊन बसली. "माझा पाय हलत होता?"

"पहिल्या मॅचपासून."

"मी तुझ्यासाठी हरायला तयार होते."

"मी नव्हते," मी म्हणाले.

तिने बॅग उचलली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. टीम जाहीर झाली तेव्हा तिचं नाव होतं, छोटीचं होतं. मला कोच सरांनी फोनवर सांगितलं, या वेळी लिफ्टसुद्धा नव्हती. विमानतळावरून गोगलचा मेसेज आला: निघाले. एवढाच.

वर्ल्डकपची पहिली मॅच मी घरी आईबरोबर पाहिली. आमच्या दोघींच्या मधे मटारची परात होती. आईचं लक्ष माझ्या कीपिंगने वाकड्या झालेल्या बोटांकडे. "आल्याचे तुकडे झालेत नुसते," ती म्हणाली. तेवढ्यात गोगल बॉलिंगला आली आणि कॅमेरा मागून तिच्या पायांवर गेला. अंगठा घासला. माझे हात आपोआप डावीकडे गेले, परात कलंडली, मटार घरभर झाले.

बॉल बाहेर वळला. छोटीने तो ऑफला अलगद घेतला.

"काय गं, चुकली का ती?" आईने विचारलं.

"नाही. बरोबर घेतला."

पुढच्या बॉलला अंगठा हलला नाही, आणि तो गुगली होता. छोटी लेगला हजर. मी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसले. गोगलचा कान पाहिला, बाही पाहिली, मनगट, पट्टा, मान, सगळं पाहिलं. तिच्या ओव्हर संपेपर्यंत शोधत राहिले. आई खाली बसून मटार वेचत होती आणि मला बाजूला सरक म्हणत होती. खूण मला सापडली नाही. तिसऱ्या माणसाला कळली की बदलायची, नियम आमचाच होता. आता ती तिसरी मी होते.