गिरमिटाला लावलेले तेल

मित्रांनो, सुताराकडचे गिरमिट तुम्ही पाहिले असेल. मूठ फिरवली की ते लाकडात शिरते आणि भोक पाडते. मी त्याच जातीचे, पण पुष्कळ लांब असे जुने गिरमिट आहे आणि मी शिरते ते जमिनीत. माझ्या टोकाशी हातभर लांबीची नळी आहे. मूठ उजवीकडे फिरवत मला खाली ढकलले की नळीचे तोंड मिटलेले राहते. हव्या त्या खोलीवर डावीकडे फिरवले की ते उघडते आणि तिथला चिखल आत भरतो. वरून गज जोडत गेले तर मी तीस फुटांपर्यंत उतरते.

माझा जन्म १९५० साली हावड्याच्या एका लोहाराच्या दुकानात झाला. माझे लोखंड बंगालचे, पण भाषा मात्र मराठी. त्याचे कारण सुनीतीताई.

सुनीती आठल्ये कलकत्त्यातल्या एका संस्थेत वनस्पतिशास्त्राचे संशोधन करत. वय तिशीच्या आतबाहेर, लग्न केलेले नव्हते. बागबाजारात दोन खोल्यांत त्या आणि त्यांचे वडील राहत. वडिलांचे नाव दिगंबर, पण मीही त्यांना मनात बाबाच म्हणत असे. बाबा इंदूरला तारखात्यातून निवृत्त झाले आणि मुलगी एकटी आहे म्हणून इथे आले. त्यांना बंगाली येत नव्हते. दिवसभर ते खिडकीशी बसत आणि खालचे बोलणे ऐकत. त्यातले एक अक्षरही त्यांना कळत नसे.

त्या वर्षी कलकत्त्याच्या कडेला डमडमला पूर्व बंगालातून आलेल्या लोकांची वस्ती उठत होती. तिथे तळे खणताना वीस फुटांवर काळ्याभोर झाडांची खोडे लागली. लोकांनी ती वाळवून चुलीत घातली. सुनीतीताई पोहोचल्या तेव्हा एक ढलपी तेवढी उरली होती आणि तळे पाण्याने भरले होते. ढलपी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. ते सुंदरीचे लाकूड होते. सुंदरीचे झाड वाढते ते समुद्राकाठच्या खाऱ्या चिखलात. म्हणजे आज जिथे कलकत्ता आहे तिथे कधीतरी भरतीचे पाणी येत असले पाहिजे.

पण कधी?

विभागप्रमुख म्हणाले, "पुरात वाहून आलेली झाडं असतील. फार तर दोनशे वर्षांची."

"मला नाही तसं वाटत, सर," ताई म्हणाल्या. "मी खाली जाऊन बघणार."

त्यांच्यासाठी खाली गेले ते मी. संस्थेचे भांडार अकराला उघडे आणि चिखलाचे काम पहाटेच सुरू करावे लागे, म्हणून मला बागबाजारातच ठेवले होते. संस्थेचा माळी हरेन मला खांद्यावर टाकून डमडमला नेई. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. तळ्याच्या काठावर तो माझी मूठ फिरवी आणि ताई गजांवरची खूण वाचत. वर आल्यावर त्या माझी नळी उघडत आणि चिखलाचा काळा लांबट तुकडा डब्यात ठेवत.

मित्रांनो, त्या काळात विज्ञानात जिकडेतिकडे नव्या वाटा फुटत होत्या, पण एका विषयाच्या खोलीतले दुसऱ्या विषयाच्या खोलीत फारसे कोणी विचारत नसे. माझा चिखल मात्र सगळीकडे गेला. त्यातले परागकण ताईंनी काचेवर घेऊन मोजले. त्यातले शिंपले प्राणिशास्त्रवाल्यांनी ओळखले. रसायनशास्त्राच्या खोलीत त्यातले मीठ तपासले गेले. आणि भौतिकशास्त्रात तर अगदी नवी युक्ती निघाली होती. झाड जिवंत असताना हवेतला एक विशेष प्रकारचा कार्बन घेते आणि मेल्यावर तो हळूहळू घटत जातो. किती उरला ते मोजले की झाड कधी मेले ते कळते. ती सोय तेव्हा परदेशातच होती. चिखलात कुजलेली पाने-मुळे थोडीथोडीच असत, म्हणून एका नमुन्याला चिखलही पुष्कळ लागे. मला पंधरा-वीस वेळा त्याच खोलीवर उतरावे लागे.

मी घरी आले की ताई मला जिन्याखाली उभे करून संस्थेत जात आणि संध्याकाळी परतत त्या थकून. बाबा जेवताना विचारत, "सुनी, या नळीचं नेमकं काय करतेस ग तू?"

"सांगते हं बाबा. रविवारी निवांत सांगते."

रविवारी काचांवरचे परागकण मोजायचे असत.

बाबा माझ्याकडे बघत राहत. खाऱ्या चिखलाने मला गंज धरू लागला होता. एका दुपारी ते खाली आले, फडक्याने मला कोरडे केले आणि म्हणाले, "तुलाही इथलं पाणी मानवत नाही ना?" मग वाटीत मोहरीचे तेल घेऊन त्यांनी मला आतून-बाहेरून चोळले. जेवणात त्यांना ते तेल कधीच आवडले नाही. पण लोखंडाला चांगले, असे म्हणत ते रोज दुपारी मला तेल लावू लागले. लावताना इंदूरच्या तारघराच्या गोष्टी सांगत. माझी मराठी तिथे पक्की झाली. सगळ्या गल्लीलाच त्या तेलाचा वास असल्यामुळे ताईंच्या कधी लक्षात आले नाही.

मला ते फार आवडे, हे मी लपवत नाही.

१९५२ च्या मार्चमध्ये नमुना बोटीने रवाना झाला. उत्तराला महिने लागणार होते. डिसेंबरात बाबांना थंडी बाधली, छातीत कफ झाला आणि आठ दिवसांत ते गेले. घरात मराठी बोलायला कोणी उरले नाही. इंदूरहून भाऊ जयंत यांचे पत्र आले, 'आता तिथे तुझे काय राहिले आहे? निघून ये.' ताईंनी ते मला वाचून दाखवले. जिन्याच्या पायरीवर बसून, मोठ्याने. दुसऱ्या कोणाला दाखवणार होत्या?

फेब्रुवारीत परदेशातून पत्र आले. नमुन्यात वनस्पती-तेल सापडले आहे. ताज्या तेलातला कार्बन मिसळल्यामुळे वय भरवशाचे नाही. शक्य असल्यास नवा नमुना पाठवावा.

ताईंनी हरेनला बोलावले. "हरेनदा, तुम्ही याला तेल लावलं होतं?"

हरेन खाली बघू लागला. "मी नाही, दिदीमोणी. बूढोबाबू लावायचे. रोज. मी न्यायला आलो की ओठांवर बोट ठेवायचे. तुम्हाला सांगू नको म्हणून."

"का?"

"तुम्ही म्हणाला असता, बाबा, कशाला त्रास घेता."

ताई वर गेल्या. खिडकीच्या कोनाड्यात त्यांना ती वाटी आणि फडके मिळाले. त्या ते हातात घेऊन बसल्या. मी जिन्याखाली उभे होते. दोन वर्षांचे काम वाया गेले ते माझ्या अंगावरच्या तेलामुळे, आणि मला त्यांना धीराचा एक शब्दही देता येत नव्हता.

विभागप्रमुख म्हणाले, "सोडून दे आता. इथल्याच झाडापानांवर एखादा छोटा लेख लिही आणि घरी जा."

नवा नमुना काढायचा तर आधी माझ्यावरचे तेल पुरते जायला हवे होते. आठ दिवस ताईंनी मला हात लावला नाही. नवव्या दिवशी त्यांनी हरेनकरवी मला संस्थेच्या अंगणात नेले. सोड्याच्या उकळत्या पाण्यात माझे सांधे घासले आणि मग मोठ्या दिव्याच्या ज्वाळेवर नळी फिरवत धरली. तेल जळताना धूर निघाला. हरेन म्हणाला, "मी धरतो, तुम्ही बाजूला व्हा."

"नको. मीच करते."

त्यांचे डोळे लाल झाले होते. धुराने झाले असतील. बाबांनी चोळलेले सगळे त्या धुरातून निघून गेले आणि मी लोहाराने घडवले तसे कोरडे, उघडे झाले.

आम्ही पुन्हा डमडमला गेलो. सोळा वेळा मी खाली उतरले. १९५४ च्या पावसाळ्यात उत्तर आले. सुमारे पाच हजार वर्षे.

चारही खोल्यांतली माणसे त्या दिवशी पहिल्यांदा एका टेबलाशी बसली. शिंपले, मीठ, पराग आणि कार्बन, सगळ्यांचे म्हणणे एकच निघाले. इथे समुद्र होता, त्याच्या काठी जंगल होते. विभागप्रमुखांनी उभे राहून सांगितले, "माझं चुकलं होतं." टाळ्या झाल्या. सुनीतीताई संध्याकाळी घरी आल्या आणि दार उघडून उंबऱ्यातच थांबल्या. सांगायला आत कोणी नव्हते.

निबंधात त्यांनी एक ओळ घातली होती, की पहिला नमुना उपकरणाला लावलेल्या मोहरीच्या तेलामुळे बाद झाला. विभागप्रमुख म्हणाले, "हे कशाला? लोक हसतील."

"हसू देत. झालं ते लिहायला हवं," ताई म्हणाल्या. "आणि ती चूक बाबांची नाही, सर. माझी आहे."

ती ओळ तशीच छापली गेली.

पुढच्या वर्षी ताईंना डेहराडूनला काम मिळाले. जाण्यापूर्वी त्यांनी मला पुसून भांडारात ठेवले. तेल लावले नाही; माझ्यासारख्याला ते लावायचे नसते. त्यामुळे मला गंज चढतो आहे. कोणी माझ्यावर छत्र्या टांगते. इथे मराठी कोणी बोलत नाही. म्हणून आज तुम्ही भेटलात तर मी इतके बोलले.

मित्रांनो, अवजार वापरून झाले की धुऊन, कोरडे करून जागेवर ठेवत जा. आणि घरात एकटे बसलेले कोणी विचारील, हे कशाचे रे काम करतोस, तर हातातले काम खाली ठेवून त्याला तेव्हाच सांगा. सगळे नाही कळणार त्याला. पण माणसाला आपल्या माणसाच्या कामाला हात लावायचा असतो. कसा लावायचा, एवढे तरी त्याला कळू द्या.