हात धुतल्याचं पाणी

मोसेलने महाराजांच्या हातांवर पाणी ओतलं आणि खालच्या तस्तात पाहिलं. जेवणानंतरचं पाणी नितळ होतं. आज सलग चौथा दिवस.

वर पाहायची सोय नव्हती. तेनोच्तित्लानच्या राजवाड्यात महाराजांच्या तोंडाकडे पाहील त्याची धडगत नसे. नऊ वर्षांत तिला ओळखीचे झाले होते ते हातच. रोज तीनशे पदार्थ शेगड्यांवर मांडले जात, महाराज जेवायला बसले की सोनेरी आडोसा उभा राही आणि उरलेलं सगळं पहारेकऱ्यांच्या पोटात जाई. मुदपाकखान्याला खबर मिळे ती तस्तातूनच. पाण्यावर मिरचीचा तवंग आला, म्हणजे जेवले.

दाराशी कारभाऱ्याने तस्तात डोकावून नाक मुरडलं.

"म्हातारीच्या हाताची चव गेली. उद्याही असंच आलं, तर तिची चूल दुसरीला."

म्हातारी म्हणजे मोसेलला आईच्या मायेने वाढवणारी सेंतेवामावशी. तीनशे पदार्थांतून महाराज हात घालत ते तिच्याच टर्कीच्या लाल रश्श्यात. मोसेल मुदपाकखान्यात आली तेव्हा ती पाट्यावर भोपळ्याच्या बिया वाटत होती.

"काय गं, लाल?"

"लालसर."

"खोटं बोलायला तोंड लागतं, पोरी. तुझं नाही तसलं."

"मावशी, त्यांना अन्नच जात नाही. मनगटातलं कडं कोपरापर्यंत घसरतंय."

"गप! महाराज आजारी म्हणणारीची जीभ ठेवतील का?" मावशी पुन्हा वाटू लागली. "चूल गेली तर मी जाऊ कुठे?"

दुसऱ्या दिवशी मोसेलने नखांत वाटलेली मिरची भरून घेतली. पाणी ओतताना बोटं हळूच तस्तात बुडवली. पाणी लाल झालं. वरचे हात थबकले. मोसेलच्या तोंडचं पाणी पळालं. मग ते हात पुन्हा एकमेकांवर चोळले गेले.

"आज जेवले!" कारभारी म्हणाला.

तिसऱ्या दिवशीही तिने नखं भरली होती, पण गरज पडली नाही. पुढे आलेल्या हाताची पाचही बोटं पेरापेरापर्यंत लाल होती. आडोसा हलला तेव्हा तिला मावशीचं टर्कीचं भांडं दिसलं. भाकऱ्यांची चवड जशीच्या तशी होती. घट्ट रश्श्यात पाच बोटांचे खळगे होते, बाकी भांडं काठोकाठ भरलेलं.

"लाल?" मावशीने विचारलं.

"लाल. आज अगदी खरं."

मावशीने तिचं तोंड निरखून पाहिलं.

"खरं बोलतेस, मग रडतेस कशाला?"