मातीतून वर आलेला देव

"डोळे दिसले! देवाचे डोळे दिसले!" कुणीतरी ओरडलं आणि गर्दी पुढं रेटली.

"माय न्हाई, बाप न्हाई! धरणी फुटली अन् देव जलमला," बुवा घुमत होता. "पाणी घाला, देव तहानलाय!"

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या धामधुमीचं साल. सोनपेठजवळच्या त्या गावात बुवानं दाखवलेल्या जागी देव रोज थोडा वर येत होता. आधी कपाळ, मग भुवया, आज डोळे. एस्टी भरभरून माणसं येत होती.

देवाला रोज पाण्याची पहिली घागर कमलबाईची. मोठ्या शेतकऱ्याची बायको, गावात तिच्या शब्दाला वजन. जागेला लागूनच केवळाबाई धनगरणीचा मेंढवाडा होता. लेंड्यांचा देवाला विटाळ होतो असं बुवा म्हणाला, तेव्हा कमलबाईनंच तिला बजावलं होतं, "आजच्या आज ऊठ इथून."

"बाई, मेंढ्या व्यायला आल्यात. लय थंडी हाय. पिलं होऊ द्या, मग उठते."

"देव थांबतो का तुझ्यासाठी?"

केवळाबाई मेंढ्या घेऊन उघड्या माळावर गेली.

आज घागर ओतायला वाकली तशी कमलबाईला आंबूस वास आला. भिजत घालून विसरलेल्या हरभऱ्याला येतो, तसाच. मूर्तीच्या कडेला मातीतून एक मोडही डोकावत होता. तिनं मातीत बोटं खुपसली.

"हात काढ! आंधळी व्हशील!" बुवा धावला.

तिनं मूर्ती उपटून बाजूला ठेवली. खाली गाडगं. त्यात काठोकाठ फुगलेला, मोड आलेला हरभरा. रोजच्या पाण्यानं तो फुगत होता आणि वरच्या दगडाला ढकलत होता.

"ही बी देवाचीच लीला..." बुवा पुटपुटला आणि झोळी घेऊन पळाला. लोक शिव्या देत मागं धावले. कमलबाई तेवढी माळाकडं निघाली.

केवळाबाई एका कोकराला पोटाशी धरून बसली होती.

"बाकीची?"

केवळाबाईनं बोरीखालच्या ताज्या मातीकडं बोट केलं.

"बुवा लबाड निघाला गं," कमलबाई कशीबशी म्हणाली.

"तो परका व्हता, बाई. मला तुमी उठवलं."

कमलबाईला मान वर करवेना.

संध्याकाळी पारावर ती सगळ्यांसमोर उभी राहिली. "बुवाला शिव्या घालून आपण सुटत न्हाई. पाणी मी घातलं, तुमी हात जोडले. देव कुठून आला, कुणीच इचारलं न्हाई. इथून पुढं कुणी चमत्कार दाखवला, तर आधी माती उकरून बघा. मी उकरली, पण पिलं मेल्यावर."