आर्डिसचं नाव

"तुझ्या यंत्राला शनिवार दोनदा आला वाटतं," नर्स आर्डिसने कागद मार्लाच्या टेबलावर आपटला.

मार्ला आयोवातल्या त्या छोट्या इस्पितळात प्रयोगशाळेच्या नोंदी सांभाळायची. आदल्या दिवशीचे रक्ताचे अहवाल छापणारी पर्ल या संगणकभाषेतली स्क्रिप्ट तिनेच लिहिली होती. ती रोज रात्री साडेबाराला आपोआप चालायची.

"चार महिन्यांत एकदाही चुकलेली नाही ती," मार्ला फणकारली.

"असेल बाई. पण यात टॉर्गर्सनांचं बाळ कुठंय? काल चर्चला जायच्या आधी मीच त्याच्या टाचेतून रक्त काढलं. दुपारी घरीसुद्धा गेलं ते."

मार्लाने नाइलाजाने रविवारची नोंद हाताने उघडली आणि बाळाचा अहवाल वाचला. जन्मजात दोषामुळे बाळाला दुधातली साखर पचत नव्हती. दूध त्याच्यासाठी विषच होतं, आणि टॉर्गर्सनांचा धंदा दुधाचा.

आर्डिसने बाळाच्या आईला फोन फिरवला. "दूध थांबव, पोरी. अंगावरचंसुद्धा. आणि आत्ताच्या आत्ता घेऊन ये त्याला."

बाळ पहाटेपासून ओकत होतं. दुपारपर्यंत डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

मग मार्ला चूक शोधायला बसली. 'काल' काढायला तिने आत्ताच्या वेळेतून चोवीस तास वजा केले होते. पण अमेरिकेत वसंतात घड्याळं तासभर पुढे करतात, तशी ती रविवारी पहाटे सरकलेली, म्हणजे तो दिवस तेवीस तासांचाच. सोमवार लागल्यावर रात्रीच्या साडेबारातून चोवीस तास मागे गेलं की रविवार ओलांडून थेट शनिवारी रात्रीचे साडेअकरा!

"आता आजच्या दुपारी बारापासून चोवीस तास मागे मोजते," ती म्हणाली. "घड्याळ तासभर इकडेतिकडे झालं तरी कालच लागतो."

"एवढं सोपं?"

"एवढंच गं. आणि तू नसतीस तर..." तिने आर्डिसचा हात धरला. आयुष्यात इतकं ऋणी तिला कधी वाटलं नव्हतं.

मग तिने दुरुस्तीच्या वर एक ओळ टंकली: ही चूक आर्डिसने पकडली.

"माझं नाव? यंत्र वाचणार का ते?"

"नाही. ही ओळ यंत्र सोडून देतं. पुढे जे कुणी दुरुस्तीला बसतील, त्यांच्यासाठी असते ती."

बत्तीस वर्षांच्या नोकरीत आर्डिसचं नाव त्या इमारतीत कुठेही लागलं नव्हतं. तिने चष्मा चढवला, पडद्याजवळ वाकून ओळ दोनदा वाचली.

"मग आडनावही घाल," ती हळूच म्हणाली.