माशाच्या कातड्याची पर्स

आई तीस वर्षं मासळीबाजारात मासे सोलून द्यायची. गिऱ्हाइकं फेकून देत त्या कातड्यांवरच लेकीनं धंदा उभा केला. आई बोथट सुरीनं कातड्याचं उरलंसुरलं मांस खरवडायची, लेक ते कातडं कमावून, फळीवर ताणून वाळवायची आणि त्याच्या पर्स शिवायची. पर्स हातात घेतली की खवल्यांच्या बारीक खुणा बोटांना जाणवत. वास म्हणाल, तर नावालाही नाही.

शहरातल्या सगळ्यात महागड्या दुकानानं पर्स मांडायला एक अख्खं कपाट दिलं, तेव्हा दोघींना आभाळ ठेंगणं झालं. उद्घाटनाच्या सकाळी तिथल्या खरेदीप्रमुख बाईंनी लेकीला बाजूला घेतलं.

"मासा हा शब्द नको. 'दुर्मीळ सागरी चामडं' म्हणा. आणि आईंना आत बसवा. त्यांचे हात... लोकांचं लक्ष जातं हो."

लेकीनं मान डोलावली. "आई, तू आत पंख्याखाली बस जरा." आई निमूट उठली. लेक चारचौघांत आईचं मासे सोलणं लपवते, हे तिला माहीत नव्हतं थोडंच!

तेवढ्यात एका गिऱ्हाईक बाईनं पर्स उचलली. "कसलं कातडं हे? सापाचं?"

"दुर्मीळ सागरी..." खरेदीप्रमुखांनी सुरुवात केली.

लेकीची नजर आतल्या दाराकडे गेली. आई दोन्ही हात काखेत दडवून बसली होती. लेकीला स्वतःचीच चीड आली.

"मासा आहे," ती मोठ्यांदा म्हणाली. "बाजारातला साधा मासा. आणि तो सोललाय माझ्या आईनं. आई, बाहेर ये!"

आई आली. सुरीचे व्रण असलेले हात तिनं सरळ काउंटरच्या काचेवर ठेवले. "हुंगून बघा, खुशाल. वास आला तर ही पर्स मी तळून खाईन."

गिऱ्हाईक बाई खळखळून हसली. खरेदीप्रमुख मात्र लालबुंद. "उद्या तुमचं कपाट रिकामं करावं लागेल."

"उद्या कशाला? आत्ताच करते."

दोघींनी खोकी भरली. रखवालदार मागचं दार दाखवत होता. त्या पुढच्या दारानं, भर गर्दीतून बाहेर पडल्या. फुटपाथवर आई करवादली, "एवढं कपाट घालवलंस, वेडे!"

"घालवलं."

"बरं केलंस. धर ते खोकं नीट."

आता बाजाराच्या तोंडाशी त्यांचं छोटं दुकान आहे. मोठी गाडी तिथवर जात नाही. नाकं मुरडणारे मुरडतात, घेणारे चालत येतात. परवा आणखी एका बड्या दुकानानं फोन करून तीच अट घातली. फोन आईनं उचलला होता.

"लेक ऐकायची नाही," ती म्हणाली. "आणि मी तर त्याहून नाही."