बुधवारी गार पडणारी शिळा

आठवड्याचे सहा दिवस त्या शिळेला पोट टेकले की कळ थांबे. बुधवारी थांबत नसे.

एका अरुंद खोलीच्या मागच्या भिंतीत, कमरेच्या उंचीवर, ती काळी शिळा बसवलेली होती. दुपारी रांग लागे. कारकून, शिक्षिका, निवृत्त टपालवाले पोट धरून आत जात आणि हसत बाहेर येत. शिळेचे मालक स्वतःस पाषाणगुरू म्हणवत.

"हात लावा! गरम लागते ना? तुमची कळ पिते, म्हणून तापते."

"मग बुधवारी का पीत नाही?" मी विचारले.

"सहा दिवस जगाच्या कळा गिळायच्या, तर एक दिवस पचवायला नको?"

म्हणजे अपचन शिळेलाही होते.

मी तापमापके तपासण्याची नोकरी करतो. त्या रांगेत मी थोरल्या बहिणीसोबत उभा असे. ताई शिवणकारखान्यात कापड बेतते. चार वर्षांच्या पोटदुखीनंतर, सर्व तपासण्या करून डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते, "जखम नाही, गाठ नाही. आतडी चिडखोर आहेत, इतकंच."

"चला, घरात मी एकटीच चिडखोर नाही," ताई म्हणाली होती.

गोळ्या आणि वेळेवरचे जेवण यांनी हळूहळू उतार पडत होता. परंतु 'शिळेला गोळ्या खपत नाहीत' असे गुरूंनी बजावले आणि ताईने त्या बंद केल्या. त्यातच तिला बढती मिळाली. दुसऱ्या गावच्या कारखान्यात बेतकामाची प्रमुख! होकार शनिवारपर्यंत कळवायचा होता, आणि ती नकार लिहायला बसली होती.

"तिकडे शिळा कुठंय? कात्री चालवताना कळ आली तर काय करू? तुझं शास्त्र पोटाला बांधू?"

मी तीन आठवडे शिळेचे तापमान नोंदवले. एरवी एक्केचाळीस अंश, बुधवारी पंचवीस. खोलीत ताज्या पावाचा वास सदैव दरवळे. जवळपास बेकरी आहे हे रांगेतला प्रत्येक जण जाणून होता, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नव्हते. मी मागच्या गल्लीत गेलो.

"बुधवारी आमची सुट्टी," बेकरीवाला म्हणाला. "आणि या खेपेला गुरुवार-शुक्रवारही बंद. भट्टीच्या विटा बदलायच्यात."

बुधवारी संध्याकाळी मी ताईला सांगितले, "उद्या गुरुवार. तरी शिळा गार असेल, कारण मागच्या गल्लीतली बेकरी बंद आहे."

"आणि गरम निघाली तर?"

"तर मी गुरूंचा चेला होतो."

"तुला रांगेत धड उभं राहता येत नाही, म्हणे चेला!"

गुरुवारी शिळा गार होती. गुरूंनी डोळे मिटले, उघडले आणि गरजले, "तुमच्यात कुणीतरी शंकेखोर आहे!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"हा तर तीन आठवडे शंका घेतोय, गुरुजी," ताई शांतपणे म्हणाली. "मग परवा शिळा गरम कशी होती?"

गुरूंनी पुन्हा डोळे मिटले. ताई थेट मागच्या गल्लीत निघाली आणि रांग तिच्यामागे. बेकरीत गवंडी भट्टीच्या विटा काढत होता. ताईने त्यातलीच एक उचलली आणि भट्टीमागच्या भिंतीवर तीनदा ठोकली.

"कोण आहे?" भिंतीपलीकडून गुरूंचा दचकलेला आवाज आला.

"अरे देवा!" टपालवाले म्हणाले. "पाव भाजून उरलेल्या उबेवर आमची पोटं शेकत होतो होय!"

ताईने होकार कळवला आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या. निघताना तिच्या सामानात रबराची एक पिशवी होती, गरम पाणी भरायची. "हे बघ," ती म्हणाली, "बांधलं तुझं शास्त्र पोटाला."

वाचकांनी श्रद्धा कशावर ठेवावी हे मी सांगणार नाही. मात्र जे सहा दिवस घडते आणि सातव्या दिवशी घडत नाही, त्याबाबत सातव्या दिवशी काय बंद असते, एवढे जरूर पाहावे. येथे कारण असे होते: भिंतीपलीकडे भट्टी होती, तिने दगड तापे, आणि उबेने पोटाचे आखडलेले स्नायू सैल होऊन कळ तात्पुरती शमे.